रेडिओवर विकेट पडते तेव्हा टीव्हीवर गोलंदाज अजून रनअपलाच असतो. टीव्हीचं चित्र आणि रेडिओची कॉमेंट्री जुळवायची कशी?

मागे पडलेलं प्रक्षेपण पुढे ओढता येत नाही. जे पुढे आहे त्यालाच अडवून धरायचं, तुमच्या बाबतीत रेडिओला.

उशिराचं खापर बहुतेक जण उपग्रहावर फोडतात. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो आणि सिग्नलला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. मैदान ते स्टुडिओ आणि स्टुडिओ ते घर अशा दोन खेपा धरल्या तरी हिशेब अर्ध्या सेकंदाचा. खरा वेळ कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणं, खातं. ते करणारा एन्कोडर पुढच्या फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) बघून मधल्या फ्रेम बांधतो, म्हणून त्याला काही फ्रेम हाताशी साठवाव्या लागतात; उलगडणाऱ्या डीकोडरलाही तेच करावं लागतं. वाटेत हे एकाहून अधिक वेळा घडतं आणि सेकंद साचत जातात. मोबाइल ॲपवर त्यात तुकड्यांची भर. व्हिडिओ 6 सेकंदांच्या तुकड्यांत येत असेल आणि प्लेअर तीन तुकडे जमवून सुरू होत असेल, तर 18 सेकंद तिथेच गेले. ॲनालॉग एफएम किंवा मीडियम वेव्हला ट्रान्समीटरपासून तुमच्या सेटपर्यंत जवळजवळ काहीच वेळ लागत नाही. (इंटरनेट रेडिओची गोष्ट वेगळी. तोही आधी थोडा आवाज साठवून (बफर भरून) मगच वाजतो, कधीकधी तर डिशवरच्या टीव्हीच्याही मागे असतो.)

आता फरक मोजा. दोन्हींचा आवाज चालू ठेवून फोनवर मिनिटभर रेकॉर्डिंग करा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. बॅटला चेंडू लागल्याचा टोकदार आवाज दोनदा दिसेल. त्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तुमचा फरक. दोन-तीन चेंडूंवर तपासा, कारण प्रेक्षकांच्या गोंगाटात चुकीचं टोक सहज पकडलं जातं. स्टॉपवॉचनेही काम भागतं.

मग रेडिओच्या हेडफोन सॉकेटमधून 3.5 मिमीची केबल संगणकाच्या लाइन-इनला (बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला) जोडा. लॅपटॉपला बहुधा लाइन-इन नसतं, तेव्हा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड वापरा. थेट माइकच्या सॉकेटमध्ये दिलंत तर आवाज फाटतो. व्हीएलसी या मीडिया प्लेअरमध्ये ‘ओपन कॅप्चर डिव्हाइस’ उघडून ते इनपुट निवडा आणि जादा पर्यायांतली कॅशिंगची (आवाज किती वेळ साठवून ठेवायचा त्याची) किंमत मिलिसेकंदांत भरा: 7 सेकंदांसाठी 7000. लाइन-इनचा आवाज थेट स्पीकरवर जाऊ देणारी विंडोजमधली ‘लिसन’ची खूण काढलेली हवी, नाहीतर कॉमेंट्री दोनदा ऐकू येईल. टीव्ही म्यूट करण्याआधी पुन्हा एकदा मोजून बघा. व्हीएलसीचा स्वतःचा थोडा उशीर त्यात मिसळतो, तेवढा आकडा कमी करा. अगदी तंतोतंत जुळवण्याचा अट्टहास नको. कॉमेंट्री अर्धा सेकंद मागे राहिली तर खटकत नाही, पाव सेकंद पुढे गेली तरी चेंडूतली मजा जाते.

होम थिएटरमधली ऑडिओ डिलेची सोय इथे उपयोगी नाही. ती ओठ आणि आवाज जुळवण्यासाठी असते आणि सेकंदाच्या अंशातच संपते.

डिश किंवा केबल असेल तर एकदा बसवलेला आकडा बराच काळ टिकतो. ॲपवर टिकत नाही: नेट अडखळलं की प्लेअर थांबतो, तेवढा मागे पडतो आणि तुमची जुळवणी बिघडते. अशा वेळी ‘लाइव्ह’चं बटण दाबून परत मोजावं लागतं. म्हणून पर्याय असेल तर चित्र डिशवरचंच घ्या.

केबल जोडल्यावर घूं असा आवाज आला तर रेडिओ सेलवर चालवा. मीडियम वेव्हवर खरखर वाढली तर रेडिओ संगणकापासून आणि त्याच्या चार्जरपासून दूर सरकवा. आणि उलटा प्रकार असेल, म्हणजे इंटरनेट रेडिओच मागे असेल, तर हा सगळा खटाटोप नको. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट टॉप बॉक्सवर चित्र पॉज करा आणि मोजलेले सेकंद गेले की सुरू करा.