पेन प्लॉटरवर मराठी लिहिताना

पेन प्लॉटर म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन फिरवून कागदावर लिहिणारं मशीन. त्याला नेहमीचा युनिकोड फॉन्ट थेट देऊ नका. त्यात अक्षराची बाह्यरेषा असते, म्हणून मशीन प्रत्येक काना पोकळ काढतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं एकेरी रेषेत गिरवून घ्या. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, शब्दभर एका दमात ओढायला लावा. अक्षरागणिक तोडली की प्रत्येक सांध्यावर शाईचा ठिपका पडतो. यावर घालवलेला वेळ वाया जात नाही, अक्षराला हाताचं वळण इथेच येतं.

आता मशीन. २० दात्यांची पुली, २ मिमी पिचचा (दोन दात्यांमधलं अंतर) बेल्ट, फेरीला २०० स्टेपची मोटर, १/१६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग): एका फेरीला ३२०० स्टेप आणि ४० मिमी सरक. ३२०० भागिले ४०, म्हणजे ८० स्टेप प्रति मिमी. ग्रबलमध्ये (आर्डुइनो बोर्डवर बसून मशीन हलवणारं सॉफ्टवेअर) हा आकडा भरून १०० मिमीचा चौकोन काढा, पट्टीने मोजा. माप बरोबर, पण ‘ठ’चा गोल मिटत नसेल तर बेल्ट ढिला आहे किंवा पेन होल्डरमध्ये हलतंय.

अक्षरांना शेपट्या फुटतात कारण सर्वोने (पेन वर-खाली करणारी छोटी मोटर) पेन उचलण्याआधीच पेनची गाडी निघते. पेन उचलायच्या आज्ञेनंतर ‘जी४ पी०.१५’ (G4 P0.15, म्हणजे ०.१५ सेकंद थांब) ही आज्ञा टाका. सर्वोला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र आर्डुइनोशी जोडलेलं हवं. सर्वो बोर्डच्याच पुरवठ्यावर चालवला तर ऐन ओळीत बोर्ड रीसेट होऊ शकतो.

पेन जेलचंच घ्या, बॉलपेनला दाब जास्त लागतो.