आजीचं वय किती?

प्रश्न : आमची आजी 104 वर्षांची, असं घरात सांगतात. रोज दहाला उकड्या तांदळाची पेज नि लोणच्याची फोड. दीर्घायुष्याचं गुपित हेच का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी आजींचा जन्मदाखला शोधा. जपानने 2010 मध्ये कुटुंबनोंदी तपासल्या, तर शंभरी ओलांडलेल्या 2 लाख 34 हजारांवर माणसांचा ठावठिकाणाच लागेना. बरीचशी कधीच वारलेली, नोंद तेवढी जिवंत! फ्रान्सच्या जान काल्मां यांची 122 वर्षं मानतात ती कागदांच्या आधारावर. माझ्या आईचं वय आम्ही 'मोठ्या पुराच्या साला'वरून मोजायचो. पोर्तुगीज नोंदवहीतल्या फिकट शाईने तिला चार वर्षांनी लहान केलं. आणि हो, तीच पेज जेवलेली आजींची भावंडं किती जगली, तेही विचारा.