सेक्टर सतराची पडवी

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं चंदीगडला चाललो आहोत. जाऊन आलेले बहुतेक लोक सांगतात की सेक्टर १७ मध्ये बघण्यासारखं काही नाही. एकसारख्या करड्या इमारती आणि मधे भलंमोठं फरसबंद मैदान. एवढं गाजलेलं नियोजित शहर, मग त्याचा मधला भाग असा एकसुरी का ठेवला? आणि आमच्याकडे एकच संध्याकाळ असेल तर तिथे नेमकं काय बघावं?

उत्तर : माझी नोकरीची पहिली तीन वर्षं चंदीगडमध्ये गेली, त्यामुळे तुमचं पत्र वाचल्यावर मला गप्प बसवेना. सेक्टर २२ मध्ये एका पंजाबी कुटुंबाकडे मी वरची खोली भाड्याने घेतली होती, आणि आमचं ऑफिस समोरच्याच सेक्टर १७ मध्ये, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाईंना मी बीजी म्हणायचे. बाजाराला निघाल्या की त्या जिन्यातून हाक द्यायच्या, ‘सतारां चल्ली आं.’ मराठी कानाला ते थेट सातारा ऐकू येतं. ‘सेक्टर’ हा शब्द त्या उच्चारतच नसत. सतरा म्हटलं की झालं, एवढा तो भाग त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातला होता.

आधी थोडी मागची गोष्ट सांगते. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकी नगररचनाकार आल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि १९५१ मध्ये काम स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. सोबत पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू, आणि तरुण भारतीय वास्तुविशारदांची एक फळी. मेयर यांच्या आराखड्यातले वळणदार रस्ते कॉर्बुझिएंनी सरळ केले आणि ८०० मीटर बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले. शहराची कल्पना त्यांनी माणसाच्या शरीरासारखी केली होती. डोंगराच्या पायथ्याशी विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय म्हणजे डोकं, मधून जाणारा बागांचा पट्टा म्हणजे फुप्फुसं, आणि सेक्टर १७ म्हणजे हृदय.

आता एकसारखेपणाचं कारण. सतरामधल्या दुकानांसमोर उभ्या राहिलात की आधी खांब बघा. दोन खांबांमधलं अंतर साधारण सव्वापाच मीटर. ऑफिसला जाताना मी ते पावलांनी मोजायचे, माझी पावणेआठ पावलं व्हायची. आपल्याकडे खांबांमधल्या अंतरालाही गाळा म्हणतात आणि दुकानाच्या जागेलाही. सतरामध्ये हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन बसलेत. मोजमापाचं एकक ठरलेलं, उंची चार मजल्यांची, तळमजल्यावर सलग पडवी, गिलावा न करता तसंच ठेवलेलं काँक्रीट. एवढ्या गोष्टी मालकाला बदलता येत नव्हत्या. खांबांच्या आत मात्र त्याने कापडाचं दुकान थाटावं, बँकेला जागा द्यावी, नाहीतर वर कचेऱ्या काढाव्यात. असा बाहेरचा सांगाडा ठरवून दिला नसता, तर शंभर मालकांनी शंभर तऱ्हांनी बांधलं असतं आणि पडवी जागोजागी तुटली असती. ती तुटली नाही, हे माझ्या लेखी सतराचं सगळ्यात मोठं यश आहे.

कारण ती पडवी नुसती शोभेची नाही. जूनमध्ये दुपारी दोन वाजता चंदीगडचं ऊन असं असतं की उघड्यावर उभं राहवत नाही. आमच्या इमारतीपासून टपाल कचेरीपर्यंत मी उन्हात पाऊल न टाकता जायचे, मधे एक-दोन ठिकाणी फट ओलांडावी लागे तेवढीच. पावसाळ्यात तीच वाट कोरडी. डिसेंबर-जानेवारीत धुकं विरलं की लोक पडवीच्या कडेला, ऊन सांडेल तिथे, खांबाला टेकून शेंगदाणे खात उभे. एकदा खांबाला हात लावून बघा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर तसेच आहेत, लाकडाच्या रेषा बोटाला लागतात. ते साचे कुणीतरी एकेक करून ठोकले होते. लांबून करडी भिंत दिसते, हात लावल्यावर माणसांचं काम कळतं.

सतराची दुसरी खूण म्हणजे आत गाड्या नाहीत. डोंगराच्या बाजूला मध्य मार्ग, एका कुशीला थेट विधानसभेकडे जाणारा जन मार्ग, आणि सेक्टर २२ च्या बाजूला उद्योग पथ. वाहनं या रस्त्यांवर आणि कडेच्या वाहनतळांवर थांबतात, आत फक्त पायी. पायवाटांचे दोन मुख्य अक्ष एकमेकांना छेदतात तिथे मोठा चौक आहे. मधे एक उंच इमारत उभी करण्याचा विचार होता, तो प्रत्यक्षात आला नाही, म्हणून चौकाला जरा पोरकेपणा आहे हे मी मान्य करते. चौक प्रमाणाबाहेर रुंद आहे आणि उन्हाळ्यात फरशी तापते, हेही खरं. तिथे झाडं आणखी हवी होती, असं मला तेव्हाही वाटायचं. पण संध्याकाळी पाचनंतर त्याच रुंदीत पोरं सायकली शिकतात, फुगेवाले हिंडतात, आणि आजी-आजोबांना मागून येणाऱ्या गाडीची धास्ती नसते. लहान मुलाचा हात सोडून द्यावा असा बाजार आपल्या देशात किती ठिकाणी आहे?

तुमची संध्याकाळ अशी घालवा. साडेचारच्या सुमारास सेक्टर २२ कडून आत शिरा आणि चौकाकडे पडवीतूनच चाला. नीलम चित्रपटगृहासमोर थांबा. ते आदित्य प्रकाश यांचं काम, कॉर्बुझिएंबरोबर काम केलेल्या भारतीय फळीतले ते एक. परदेशी नावांच्या गर्दीत ही आपली माणसं झाकली जातात. युली चौधरींचंही तेच. त्या काळात एक भारतीय बाई या कामात होती आणि पुढे मुख्य वास्तुविशारद झाली, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि फार बळ मिळालं. चालताना खालीही बघा. चंदीगडच्या गटारांवरच्या काही बिडाच्या झाकणांवर शहराचा नकाशा ओतलेला आहे, सेक्टरांच्या चौकटींसकट. जुनी झाकणं परदेशातल्या लिलावांत विकली गेली आहेत, त्यामुळे दिसलं तर वाकून नीट बघा. ऊन कलल्यावर जन मार्गाखालच्या भुयारी मार्गाने सेक्टर १६ मधल्या गुलाबबागेत जा. माझ्या वेळी तो मार्ग नव्हता, रहदारीतून पळत रस्ता ओलांडायचो. आता पडवी, चौक आणि बाग एका दमात पायी होतात.

दुसऱ्या दिवशी दोन तास निघाले तर कॅपिटॉल संकुल, म्हणजे वर सांगितलेलं शहराचं ‘डोकं’, बघा. २०१६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या. सेक्टर १९ मध्ये या मंडळींचं जुनं ऑफिस संग्रहालय म्हणून जपलंय. तिथून सुखना तलावावर जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की जानरे यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार याच तलावात विसर्जित केल्या. कॉर्बुझिए येत-जात राहिले, जानरे मात्र वर्षानुवर्षं तिथे राहिले.

प्रश्न : मॉल आल्यापासून सेक्टर १७ ओस पडत चाललंय असं वाचनात आलं. म्हणजे ही सगळी योजनाच फसली असं म्हणायचं का?

उत्तर : मॉलचा परिणाम झालाच. २०१३ मध्ये औद्योगिक क्षेत्रात मोठा मॉल उघडला आणि तरुण मुलं तिकडे वळली. पण सगळं खापर मॉलवर फोडणं मला पटत नाही, कारण माझ्या वेळी मॉलचं नाव नव्हतं आणि तरीही रात्रीचं सतरा मला एकटीला नको वाटायचं.

आमचं काम कधी लांबलं की रात्री नऊला मी खाली यायचे. शटर पडलेली असायची आणि त्या लांबलचक पडवीत माझ्याच चपलांचा आवाज मागे येतोय असं वाटायचं. मी झपाझपा चालत उद्योग पथ ओलांडायचे आणि पलीकडे पाऊल टाकलं की जीव भांड्यात पडायचा. सेक्टर २२ मध्ये दिवे असायचे, गच्चीवरून कुणीतरी मुलाला जेवायला हाक मारत असायचं, शास्त्री मार्केटच्या बाजूला भाजीची शेवटची विक्री चाललेली असायची. मधे एकच रस्ता, आराखडा एकाच चमूचा, साहित्यही तेच विटा आणि काँक्रीट. फरक एवढाच की बावीसमध्ये माणसं राहतात, सतरामध्ये फक्त काम करतात आणि खरेदी करतात.

घर एकीकडे, काम दुसरीकडे, करमणूक तिसरीकडे, अशी वाटणी त्या काळच्या नगररचनेत शास्त्रशुद्ध मानली जायची. वरच्या मजल्यांवर कचेऱ्यांबरोबर काही बिऱ्हाडं ठेवली असती तर रात्री आठनंतर खिडक्यांत उजेड राहिला असता. नंतर जे झालं त्याने भर पडली. जिल्हा न्यायालयं सेक्टर ४३ मध्ये गेली, लांब पल्ल्याच्या बऱ्याच बसगाड्याही तिथल्या नव्या स्थानकाकडे वळवल्या, जुनी चित्रपटगृहं बंद पडली. न्यायालयात आलेला माणूस दुपारी जेवायचा, मुलीसाठी काहीतरी घ्यायचा, मग बस पकडायचा. ही माणसं टप्प्याटप्प्याने दुसरीकडे पाठवल्यावर दुकानदार कुणाच्या भरवशावर बसणार? हृदयाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आपणच दुसरीकडे जोडल्या, आणि दोष हृदयाला देतो.

म्हणून फसलं ते सगळं नाही. पायी चालण्याची मोकळीक आणि सलग सावली या दोन गोष्टी इतक्या पक्क्या आहेत की सत्तर वर्षांनीही कुणाला त्या मोडाव्याशा वाटल्या नाहीत. सतराला आज काचेचे दर्शनी भाग नकोत, वाढीव मजलेही नकोत. त्याला तिथे राहणारी माणसं हवीत. नियमात बसवून ती आणता येतील का, यावर तिथल्या लोकांनी मोठ्याने बोलायला हवं.

प्रश्न : मी आठवीत आहे. चंदीगडच्या नकाशात सेक्टर १३ का नव्हता? अपशकुन म्हणून का?

उत्तर : छान प्रश्न विचारलास. १३ हा आकडा गाळला होता हे खरं, आणि अपशकुनाचं कारण सगळेच सांगतात. अलीकडे मणिमाजरा या भागाला सेक्टर १३ हे नाव दिलं गेलं. पण यात आकड्यांची एक गंमत आहे, ती मला शकुनापेक्षा जास्त आवडते.

तुझी चौकटींची वही घे. शेतात नांगर चालतो तसे हे क्रमांक टाकलेत, एक सरी संपली की बैल वळतात आणि उलट दिशेने येतात. पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे २, ३, ४, ५, ६ लिही. खालच्या ओळीत उजवीकडून परत येत ७, ८, ९, १०, ११. त्याच ओळीत अजून डावीकडे १२, त्याच्याखाली १४, आणि तिथून पुन्हा उजवीकडे १५, १६, १७, १८, १९. मग परत फिरून २०, २१, २२, २३, २४. आता उभ्या जोड्यांच्या बेरजा कर. ४ आणि ९ चे १३. ९ आणि १७ चे २६. १७ आणि २२ चे ३९. सगळ्या बेरजा तेराच्या पाढ्यात येतात!

आता हेच क्रमांक १३ न गाळता पुन्हा मांडून बघ. तिसऱ्या ओळीतला प्रत्येक आकडा एकाने कमी होईल आणि ९ च्या खाली १६ येईल, बेरीज २५. त्याच्या खालची जोडी १६ आणि २१ ची होईल, तिची बेरीज तू कर.