टाळेबंदीत बायपोलर असलेली बहीण आधी शांत राहिली आणि नंतर ढासळली, असे का?

तुम्ही लिहिले आहे की, कोविडच्या टाळेबंदीच्या सुरुवातीला बायपोलर (मूड कधी फार वर, तर कधी फार खाली नेणारा आजार) असलेली तुमची बहीण घरातल्या सगळ्यांपेक्षा शांत होती, आणि इतर जण स्थिरावू लागले तेव्हा मात्र ती ढासळली. मी डॉक्टर नाही. मला स्वतःला हाच आजार आहे आणि बरीच वर्षे माझे लिथियम हे मूड स्थिर ठेवणारे औषध चालू आहे, त्या अनुभवावर आणि थोड्याफार वाचनावर हे उत्तर बेतलेले आहे.

तिचे सुरुवातीचे शांत राहणे हे उसने अवसान नव्हते, असे मला वाटते. महामारीच्या पहिल्या वर्षात नैराश्य आणि चिंताविकार जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. परंतु तो आकडा सबंध लोकसंख्येचा आहे, आधीपासून आजारी असलेल्यांचे काय झाले हे त्यातून कळत नाही. नेदरलँड्समध्ये नैराश्य, चिंताविकार किंवा ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असलेल्या ज्या लोकांची पाहणी अनेक वर्षे चालू होती, त्यांची लक्षणे २०२० मध्ये पुन्हा मोजली गेली. ती निरोगी लोकांपेक्षा अधिक होतीच, पण महामारीपूर्वीच्या तुलनेत एकंदरीत वाढलेली नव्हती, आणि ज्यांचा आजार सर्वांत गंभीर होता त्यांच्यात तर किंचित घटलेली दिसली. वाढ झाली ती आजार नसलेल्यांत. हा अभ्यास बायपोलरचा नव्हता, तरी त्यातले चित्र मला ओळखीचे वाटले. घराबाहेर पडण्याची, लोकांत मिसळण्याची, ठीकठाक दिसण्याची सक्ती एकाएकी संपली आणि सगळे जगच आपल्यासारखे घरात बसले, याने काही काळ ओझे उतरल्यासारखे होते.

नंतरच्या घसरणीचे कारण मी दुःखात किंवा एकटेपणात शोधण्याआधी घड्याळात शोधेन. पिट्सबर्गमधील एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे मत मांडले की, रोजच्या ठरलेल्या सामाजिक घटना शरीराच्या आतल्या घड्याळाला जागेवर ठेवतात आणि त्या विस्कटल्या की मूडचा आजार उचल खाऊ शकतो. पुढे याच विचारातून उभ्या राहिलेल्या उपचारात रुग्ण पाच वेळा टिपून ठेवतो: अंथरुणातून उठण्याची, दिवसातल्या पहिल्या माणसाशी बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. टाळेबंदीने नेमक्या याच वेळा पुसून टाकल्या. त्यातही हे एका दिवसात होत नाही. झोप आधी अर्ध्या तासाने लांबते, मग तासाने, दुपारी डुलकी लागते, सकाळचा उजेड चुकतो, आणि काही आठवड्यांनी रात्र व दिवस यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून पडझड उशिरा दिसते, आणि घरच्यांना वाटते की ती अचानक झाली.

दुसरे कारण उपचारांतल्या खंडाचे. फोनवर दहा मिनिटे बोलणाऱ्या डॉक्टरांना लिथियम वाढल्याची खूण असू शकणारी हाताची थरथर दिसत नाही, आणि हायपोमेनियात (मूड जरा जास्तच वर गेलेल्या अवस्थेत) असलेला माणूस फोनवर फार प्रसन्न वाटतो. त्यातच लिथियमच्या रक्ततपासण्या अनेकांच्या लांबल्या. हे औषध साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते, आणि ताप, उलट्या किंवा जुलाब यांमुळे शरीरातले पाणी कमी झाले किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली, तर ते रक्तात साठू लागते. तिला त्या काळात कोविड झाला असेल आणि स्टेरॉइड दिले गेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडने मूड वर उसळू शकतो.

आता काय करावे, तर तिला ‘बरे वाटते का?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज किती वाजता उठलीस?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला आम्ही सवयीने ‘हो’ म्हणतो. झोपण्याची वेळ जबरदस्तीने ठरवता येत नाही, उठण्याची ठरवता येते. म्हणून सुरुवात तिथून करावी, उठल्यावर लगेच खिडकी उघडावी आणि कोणीतरी तिच्याशी दोन वाक्ये बोलावीत. उजेडासाठी विशेष दिवा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्याने क्वचित मेनिया (मूड बेफाम वर जाण्याची अवस्था) सुरू होऊ शकतो. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसते अँटीडिप्रेसंट (नैराश्यावरचे औषध) सुरू करण्याबाबतही तोच धोका आहे, आणि चालू औषधे तिने मनाने बंद करू नयेत.

सलग दोन रात्री जेमतेम झोपूनही ती थकलेली दिसत नसेल, तर पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हात जास्त थरथरणे, चाल अडखळणे, जीभ जड होणे (ही लिथियम रक्तात फार साठल्याची लक्षणे असू शकतात) किंवा जगण्याविषयी निरवानिरवीचे बोलणे, यांपैकी काही दिसले तर तिला एकटी न सोडता ताबडतोब रुग्णालयात न्या. ती लिथियम घेत असेल आणि त्याची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या राहून गेल्या असतील तर त्या याच आठवड्यात करून घ्या. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचे असते, तेव्हा सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यावर घ्यावी.