कोल्हापुरात मेडिकलची ‘मुलाखत’: तिकीट काढण्याआधी वाचा

प्रश्न: मुलीची बारावी दुबईत झाली. कोल्हापूरला एनआरआय कोट्यातून एमबीबीएसला घालायचं आहे. कॉलेजच्या मुलाखतीला आम्ही दोघांनी यायला हवं का? तिची तयारी कशी करून घ्यावी?

मुलाखत नसते. पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा, अपवाद सोडला, तर एमबीबीएसला मुलाखत घेऊन प्रवेश देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. नीटचे ७२० पैकी गुण आणि त्यावरची ऑनलाइन फेरी, एवढ्यावर जागा ठरते. डीम्ड (अभिमत) विद्यापीठाची फेरी दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल प्रवेश समिती, घेते आणि एनआरआय जागाही त्यातच येतात. त्यामुळे ‘डीनसाहेबांशी मुलाखत लावून देतो, हॉटेलवर या’ असा फोन आला, तर तो कॉलेजचा नाही, एजंटाचा आहे. त्याला मार्कलिस्टचा फोटोसुद्धा पाठवू नका.

कोल्हापूरला दोनदा यायचं कारण मात्र आहे. एकदा पसंतीक्रम भरण्याआधी, कॉलेज बघायला. दुसऱ्यांदा जागा मिळाल्यावर, मूळ कागद घेऊन. या दुसऱ्या खेपेला तिथे सगळे ‘रिपोर्टिंग’ म्हणतात. एकच खेप जमणार असेल तर रिपोर्टिंग चुकवता येत नाही. बघण्याचं काम गावातल्या एखाद्या खमक्या मावशीवर सोपवा.

बघायचं काय? इमारत नाही, रुग्णालय. कोल्हापूरचं डीम्ड म्हणजे डी. वाय. पाटील विद्यापीठ. त्याचा पत्ता कसबा बावड्याचा, रुग्णालय कदमवाडीत. रिक्षात बसताना कुठे जायचं ते नीट सांगा. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ओपीडीत जाऊन केसपेपरच्या खिडकीसमोर अर्धा तास बसा. रांग किती, कुठल्या विभागाकडे लोक जातात, खेड्यातून आलेले किती, हे तिथेच कळतं. नियमाप्रमाणे १५० जागांच्या कॉलेजला किमान ६०५ खाटांचं रुग्णालय लागतं. पण खाट असणं वेगळं आणि खाटेवर पेशंट असणं वेगळं. तो प्रश्न ऑफिसात विचारू नका, बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या इंटर्नला विचारा: ‘रात्रीच्या ड्यूटीत किती पेशंट येतात? टाके घालायला मिळतात का?’ वॉर्डात शिरू नका, पेशंटचे फोटो काढू नका. तुलनेसाठी सरकारी कॉलेजचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, बाहेरून तरी बघून या. तिथली गर्दी डोळ्यांत भरली की बाकीचं मोजायला माप मिळतं. (तिथल्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांना दहावी-बारावी महाराष्ट्रातली आणि डोमिसाइल लागतं, दुबईत शिकलेल्या मुलीला ती वाट बंद.)

आता तयारीचं. परीक्षक समोर बसणार नाही, पण पेशंट बसणार आहे, आणि घरातली मराठी तिथे पुरत नाही. ‘पोटात दुखतंय’ असं सरळ कुणी सांगत नाही. ‘कळा येत्यात’, ‘कसनुसं हुतंय’, ‘चक्कर आल्यागत वाटतंय’, ‘परसाकडला हुईत न्हाई’ अशी तक्रार येते. ‘कणकण’ म्हणजे थर्मामीटरवर दिसेलच असा ताप नव्हे. ‘मुंग्या येत्यात’ याचा किड्यांशी संबंध नाही. त्यात कोल्हापूरची बाई ‘मी सकाळपास्नं जेवलो न्हाई’ म्हणते. परदेशात वाढलेली मुलगी गोंधळून शेजारच्या नवऱ्याकडे बघते आणि नवऱ्याचाच केसपेपर भरायला घेते. शिवाय आता पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक म्हणून दिली जातात. त्यांच्या घरी जाऊन वजन, रक्तदाब, खाणंपिणं विचारायचं असतं, आणि तिथे दुभाषा नसतो. तेव्हा मे ते जुलै मुलाखतीच्या क्लासला पैसे घालण्यापेक्षा रोज अर्धा तास आजीशी फोनवर बोलू दे, तेही आजीच्या दुखण्याबद्दल. आज्यांना विषय पुरतो.

रिपोर्टिंगला घोळ होतो तो कागदांत, आणि बहुतेक वेळा नावात. दहावीच्या प्रमाणपत्रावर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. नीटच्या अर्जात तिसरंच. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. काउंटरवरचा माणूस हे चारही कागद शेजारी ठेवतो आणि ‘ही एकच व्यक्ती कशावरून?’ विचारतो. त्याचं चुकत नाही. म्हणून नीटचा अर्ज भरतानाच दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः उतरवा, आणि आईवडिलांच्या नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा. जिल्हा न्यायालय कसबा बावडा रस्त्यालाच असल्यानं नोटरी हाकेच्या अंतरावर मिळतात. त्यासाठी सही करणारा मात्र भारतात हवा, हे दुबईत बसलेल्या वडिलांना आदल्या रात्री आठवतं. वडील येणार नसतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून करून घ्या.

एनआरआय म्हणून वेगळे कागद लागतात ते असे: प्रायोजकाचा, म्हणजे खर्च उचलणाऱ्या परदेशस्थ नातलगाचा, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा निवासाचा परवाना, दूतावासाचा एनआरआय दाखला, मुलीशी नात्याचं प्रतिज्ञापत्र, खर्च उचलण्याची हमी. हे एमसीसीला फेरीआधी ठरलेल्या मुदतीत ईमेलनं जावे लागतात. कॉलेजात दाखवू म्हणून थांबलात तर मुलीचं नाव एनआरआय यादीत येणारच नाही. प्रायोजक आई किंवा वडील असतील तर प्रश्न नाही. चुलत-मावस नात्याच्या आधारावर उड्या मारू नका. पंजाबनं व्याख्या लांबच्या नातलगांपर्यंत ताणली होती, ती सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

मुलीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर कार्डावरची तारीख बघा. ४ मार्च २०२१ च्या आधीचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या निकालानुसार तिला सर्वसाधारण जागांवरही हक्क सांगता येतो. नंतरचं असेल तर एनआरआय जागेपुरतंच.

शाळा सीबीएसईची असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. आयबी किंवा ए-लेव्हल अशी परदेशी परीक्षा असेल तर एआययूचा (भारतीय विद्यापीठ संघाचा) समकक्षता दाखला लागतो आणि त्याला आठवडे जातात. निकाल लागला त्याच दिवशी अर्ज करा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर इंग्रजी विषय म्हणून हवाच. आयबीच्या नेहमीच्या रचनेत तीन विज्ञान विषय एकत्र बसत नाहीत. त्यासाठी शाळेनं आधीच खास परवानगी काढावी लागते, म्हणजे हा प्रश्न अकरावीला सोडवायचा आहे. बारावीनंतर राहिलेला विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून जादा विषय म्हणून देता येतो, पण तो लांबचा रस्ता.

पैशाचं थोडक्यात: डीम्डच्या फेरीला ५,००० रुपये नोंदणी आणि २ लाख रुपये अनामत. अनामत ज्या खात्यातून किंवा कार्डावरून भरली तिथेच परत जाते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या कार्डावरून भरू नका. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत शाबूत राहते. दुसऱ्या फेरीतली जागा घेतली नाही तर ती जाते.

राहिला पाऊस. फेऱ्या जुलै-ऑगस्टला सुरू होतात, म्हणजे नेमक्या पंचगंगेच्या पुराच्या हंगामात. रिपोर्टिंगची मुदत जेमतेम आठवडाभराची. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडून रस्ता बंद झाला होता. पाणी पस्तिसाच्या पुढे गेल्याची बातमी दिसली की पुण्याहून गाडीनं यायचा बेत सोडा आणि मुंबईहून विमान धरा. उजळाईवाडीचा विमानतळ नदीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला आहे. तिथून कदमवाडीला यायला पंचगंगेचा पूल लागत नाही. कागदांची पिशवी सामानात टाकू नका, हातात ठेवा, आणि आत प्लास्टिकची फाइल.