केसगळतीसाठी कोणतं बायोटिन (बी-७ जीवनसत्त्व) चांगलं?

ब्रँडचं दुसरं कोणी सांगेल. मी माझ्या थायरॉइडच्या रिपोर्टचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझे केस मूठमूठ गळायला लागले. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने आणलेली बायोटिनची बाटली त्यांनी ऐन दिवाळीत माझ्या हातात ठेवली. एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम! माणसाला दिवसाला लागतं ३०च्या आसपास, तेवढं अंडी-शेंगदाण्यांतून मिळून जातं. तसं म्हटलं, तर "अगं, अमेरिकेची आहे, एफडीएने पाहिल्याशिवाय विकू देतील का?" (एफडीए म्हणजे तिथलं अन्न-औषध प्रशासन.) सणाच्या दिवशी वाद नको म्हणून घेतली मुकाट्याने.

तीन महिन्यांनी थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ०.०५, म्हणजे फारच कमी, आणि टी-४ वर. म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय, असा अर्थ. ना धडधड, ना वजन घटलेलं, तरी स्कॅनची चिठ्ठी हातात. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी पुन्हा रक्त घ्यायला आलेल्या लॅबच्या मुलानेच विचारलं, "काकू, केसांसाठी काही घेता का?" बऱ्याच लॅबमधल्या थायरॉइडच्या चाचणीत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते भरमसाट झालं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. गोळ्या बंद केल्या, आठवड्याने परत रक्त दिलं. टीएसएच २.१, अगदी नॉर्मल. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही बायोटिनमुळे फसू शकते. २०१७ मध्ये खुद्द एफडीएनेच तसा इशारा दिलाय.

तर जाऊबाई, वाचत असाल तर ऐका. अमेरिकेत १९९४च्या कायद्यापासून सप्लिमेंट बाजारात आणायला एफडीएची मंजुरी लागतच नाही. गुण येतो हे आधी सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तुमच्याच बाटलीवर मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की या दाव्यांची एफडीएने तपासणी केलेली नाही. आपल्याकडेही एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थाचा परवाना, केस उगवल्याचा दाखला नव्हे. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ, आणि ती नसताना केस वाढतात याला धड पुरावा नाही.

माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं निघालं. लोहाच्या गोळ्यांनी पाच-सहा महिन्यांत गळणं कमी झालं. तुमचंही तेच असेल असं नाही, आधी रक्त तपासा. आणि हो, डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ किंवा गरोदरपणातलं फॉलिक ॲसिड माझं वाचून बंद करू नका.

उरलेली अर्धी बाटली परत द्यायला गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "गुण यायच्या वेळीच सोडलीस बघ."