सर चांगले आहेत, तरी मनात खटकतं

मुलांना फुटबॉलला घातलेले पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूर बहुतेक वेळा असा असतो : "कोच त्याच्यावर फार जीव लावतात. वाईट असं काही घडलेलं नाही. तरी मनात कुठेतरी खटकतं. विचारायला जावं तर सर दुखावतील आणि पोराची टीममधली जागा जाईल. गप्प बसावं तर झोप लागत नाही. मी उगाच संशय घेतेय का?"

याचं उत्तर एका कुटुंबाची गोष्ट सांगून देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची संमती आहे.

मुलगा बारा वर्षांचा, विंगला म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, डाव्या पायाचा. अशी मुलं कमीच असतात, त्यामुळे टीममध्ये त्याला भाव होता. पहिल्या भेटीला आई एकटीच आली. पर्समधून घडी घातलेला कागद काढला. बोलताना आपण अडखळू म्हणून मुद्दे लिहूनच आणले होते. सराव संपल्यावर सर त्याला एकट्याला अर्धा तास थांबवून घेतात. मग स्वतःच्या गाडीने घरी सोडतात. वाढदिवस नसताना नवे बूट दिले. रात्री दहानंतर मेसेज येतात, त्यात बहुतेक मॅचचे व्हिडिओ असतात. मध्यंतरी मांडी आखडली होती, तेव्हा चेंजिंग रूममध्ये त्यांनीच मालिश करून दिलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली तर काहीच नाही हो. आमचे हे म्हणतात, असे सर मिळायला नशीब लागतं."

यजमानांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पदरमोड करून मुलांना शिकवणारे कोच असतात आणि त्यांच्यामुळेच लहान क्लब चालतात. पण कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहिलेली दिसत होती, ती तिने वाचली नव्हती. मी विचारलं, तेव्हा तिने कागद उलटून माझ्यापुढे सरकवला. मुलाच्या फोनवर तिला दिसलेला मेसेज होता तो : "आईला सांगू नकोस, ती उगाच टेन्शन घेते. वाचून डिलीट कर."

बूट, लिफ्ट, जादा सराव, या सगळ्याला काहीतरी साधं कारण असू शकतं. मुलाला आईपासून लपवायला सांगण्याला मात्र कुठलंच कारण पुरत नाही, लपवायची गोष्ट कितीही साधी असो. मुलांचं शोषण करणारी माणसं सुरुवात क्वचितच अंगाला हात लावून करतात. आधी घरच्यांचा विश्वास मिळवायचा, मग मुलाला 'तू बाकीच्यांपेक्षा वेगळा' असं वाटायला लावायचं, त्याला हळूहळू एकटं गाठायचं, आणि एखादं किरकोळ गुपित देऊन बघायचं. मूल घरी जाऊन सांगतं की नाही, याची ती चाचपणी असते. न सांगणारं मूल सापडलं, की पुढचं पाऊल पडतं. या सगळ्याला ग्रूमिंग म्हणतात आणि त्यात मुलाइतकेच आई-वडीलही गुंतवले जातात. 'असे सर मिळायला नशीब लागतं' हे वाक्य मी नको त्या प्रकरणांतही ऐकलेलं आहे.

फुटबॉलच्या बाबतीत याचा मोठा पुरावा जगापुढे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी व्यावसायिक खेळाडूने आपलं नाव न लपवता सांगितलं, की लहानपणी क्रू अलेक्झांड्रा या इंग्लिश क्लबमधल्या बॅरी बेनेल या कोचने त्याचं लैंगिक शोषण केलं होतं. त्यानंतर एकामागून एक माजी खेळाडू बोलू लागले. बेनेलला याआधीही अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती. २०१८ मध्ये पुन्हा दीर्घ मुदतीचा तुरुंगवास झाला आणि २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला जात, आणि तीही आई-वडिलांच्या संमतीने. हे आई-वडील निष्काळजी नव्हते. पोराला मोठा खेळाडू करू शकेल असा माणूस घरी चालत आला होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने चौकशीसाठी नेमलेले वकील क्लाइव्ह शेल्डन यांचा १९७० ते २००५ या काळाबद्दलचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. बेनेलसारखी प्रकरणं १९९५ पर्यंत उघड झालेली असूनही असोसिएशनने मुलांच्या सुरक्षेसाठी पावलं उचलायला फार वेळ घालवला, असा ठपका त्यात आहे.

खेळात हे सोपं का जातं, तेही बघा. टीममध्ये कोण खेळणार हे कोच ठरवतो, आणि ते मुलाला पक्कं ठाऊक असतं. कपडे बदलणं, आखडलेले स्नायू, बाहेरगावच्या मॅचेस, मुक्काम, हे सगळं खेळाचाच भाग असल्यामुळे जवळ येण्यासाठी वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

"मग माणूस वाईट आहे की चांगला, हे ओळखायचं कसं?" असं आईने विचारलं. मला ओळखता येत नाही, असं मी तिला सरळ सांगितलं. इतकी वर्षं हे काम करूनही चेहऱ्यावरून, बोलण्यावरून मला ते कळत नाही आणि ज्यांना कळतं असं वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. माणूस बाजूला ठेवा आणि व्यवस्था बघा. मोठं माणूस आणि मूल बंद दाराआड दोघंच असतात का? मेसेज पालक असलेल्या ग्रुपवर येतात की एकट्या मुलाला? गाडीत तिसरं कोणी असतं का? मालिश किंवा पट्टी बांधणं दुसऱ्या मोठ्या माणसासमोर होतं का? फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने २०१९ मध्ये 'फिफा गार्डियन्स' या नावाने आपल्या सदस्य संघटनांसाठी बालसुरक्षेची मार्गदर्शिका काढली, ती अशा व्यवस्थेसाठीच. यातला एकही प्रश्न सरांच्या चारित्र्याबद्दल नाही. चांगल्या कोचलाही अशी व्यवस्था सोयीचीच असते, कारण उद्या कोणी खोटं बोट दाखवलं तर त्याच्याकडे साक्षीदार असतो.

मुलगा आला तो तोंड फुगवूनच. बसायच्या आधीच म्हणाला, "मी सरांबद्दल काहीही बोलणार नाही." मी म्हटलं, नको बोलूस. त्याच वेळी हेही सांगितलं की इथलं बोलणं मी चारचौघांत सांगत नाही, पण कोणाला इजा होतेय असं कळलं तर मला ते गुपित ठेवता येत नाही. हे आधी सांगितल्याने मुलं गप्प होतात, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. नियम आधी कळलेली मुलं जास्त निर्धास्त असतात.

त्याला मैदान काढायला दिलं. तो टीमची रचना काढत बसला, ४-३-३, म्हणजे मागे चार, मधे तीन, पुढे तीन, आणि स्वतःच्या जागी इतका जोर देऊन गोल गिरवला की कागद फाटला. "सरांनी कुठे हात लावला का?" असं मी विचारलं नाही. असल्या प्रश्नाने मूल एकतर बिथरतं किंवा आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं, आणि पुढे चौकशी झाली तर त्या उत्तराची किंमत राहत नाही. "सराव संपल्यावर काय काय होतं, सांग ना," एवढंच म्हटलं. आणि अधूनमधून, "मग?"

गुपित होतं एका मोठ्या क्लबच्या ट्रायलचं, म्हणजे निवड चाचणीचं. बाकीच्यांच्या आई-बाबांना कळलं तर भांडतील, म्हणून आत्ताच कुठे बोलायचं नाही, असं सरांनी सांगितलं होतं. मालिशचं सांगताना त्याचा हात थांबला. दार सरांनीच लावलं होतं. दुखत होतं तिथेच चोळलं, म्हणाला. आणि मग खाली बघून, "मला नको होतं. पण नको म्हटलं असतं तर सरांना वाटलं असतं, मी नाटक करतोय."

मी तिथेच थांबले. त्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह लिहून ठेवलं.

पुढच्या भेटीत वडीलही आले. त्यांचा प्रश्न एकच होता : "उद्या याला बाहेर बसवलं तर?" बसवू शकतात, मी म्हटलं. पण आई-बापाने तोंड बंद ठेवलं तरच जिथे जागा टिकते, तिथे पोराला पाठवायचं का, हे आधी ठरवा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोला म्हणाले, "स्क्रीनशॉट आहेत ना तुझ्याकडे?"

थेट कोचला जाऊन जाब विचारू नका, असं मी दोघांनाही बजावलं. त्याने काही केलं असेल तर तो सावध होतो, मेसेज पुसले जातात, आणि मुलावर दबाव येतो. मुलाचा फोन काढून घेऊ नका, ती त्याला शिक्षा वाटते. क्लबला पत्र लिहा, त्यात एकही विशेषण नको. पत्र साधारण असं होतं : "आमच्या मुलाला कोचकडून रात्री वैयक्तिक मेसेज येतात. त्यांपैकी एकात आम्हाला न सांगण्याची सूचना आहे. स्क्रीनशॉट जोडले आहेत. सरावानंतर तो त्यांच्याबरोबर बंद खोलीत एकटा होता. क्लबमध्ये बालसुरक्षेची जबाबदारी कोणाकडे आहे आणि यावर काय कार्यवाही होईल, हे लेखी कळवावे."

मी माझ्याकडची माहिती बालसंरक्षण यंत्रणेला कळवली. अनेक देशांत हे कायद्यानेच बंधनकारक आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या भारतातल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवायला सांगितलं आहे.

क्लबचं पहिलं उत्तर आलं, "आमचे सर तसे नाहीत." सर कसे आहेत, हे पत्रात कोणी विचारलंच नव्हतं! दुसऱ्या पत्रावर आणखी एका मुलाच्या पालकांची सही होती. त्यालाही 'डिलीट कर' म्हणणारे मेसेज आले होते. मग मात्र क्लबने कोचना मुलांपासून दूर ठेवलं. क्लबची चौकशी पुरी व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. असा राजीनामा आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि तोच माणूस दुसऱ्या मैदानावर शिट्टी वाजवताना दिसतो. म्हणून क्लबने हे वरच्या संघटनेला लेखी कळवावं, असा आग्रह पालकांनी धरला आणि ते करवूनही घेतलं. त्या माणसाच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही. मुलाला सुरक्षित करण्यासाठी ते माहीत असायची गरज पडली नाही.

घरात मात्र पुढचे काही आठवडे अवघड गेले. "तुझ्यामुळे सर गेले," असं म्हणून मुलगा आईशी बोलेना. पालकांनी याची तयारी ठेवावी. त्याच्या लेखी एक जीव लावणारं माणूस गेलेलं असतं, ते दुःख खरं असतं. अशा वेळी सरांना नावं ठेवली तर मूल त्यांची बाजू घेतं. आई त्याला एवढंच म्हणायची, "सर तुला आवडायचे, मला माहितीये. पण मोठ्या माणसाने तुला माझ्यापासून लपवायला लावलेलं मी चालवून घेणार नाही." ट्रायल खरी होती का, हे त्याने खूप उशिरा विचारलं. वडिलांनी त्या क्लबला फोन केला. तशी कुठलीच ट्रायल ठरलेली नव्हती.

मूल स्वतःहून काही सांगायला आलं, तर शांत राहून ऐका. "आधी का नाही सांगितलंस?" हे वाक्य गिळून टाका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याचे शब्द लिहून ठेवा आणि पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. भारतात मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आता 'विचारू कसं?' याबद्दल. हेडिंगबद्दल, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याबद्दल, पालक कोचला बिनधास्त विचारतात. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद केलं, मग तुम्ही का करून घेता, असंही विचारतात. मार लागलेल्या डोक्याने मूल पुन्हा मैदानात उतरवलं तर भांडतात, आणि भांडावंच. पण मेसेज आणि बंद दार यांचा विषय निघाला की त्याच पालकांची जीभ जड होते, कारण तो प्रश्न एखाद्या माणसावर आरोप केल्यासारखा वाटतो. म्हणून तो नाव घालायच्या दिवशीच विचारा, नडगीला बांधायचे शिनगार्ड कुठले घ्यायचे हे विचारता त्याच ओघात : "मुलांशी मेसेजवर कोण बोलतं? चेंजिंग रूममध्ये कोण असतं? तक्रार कोणाकडे करायची?" त्या दिवशी सरांशी तुमची ओळखही झालेली नसते, त्यामुळे दुखावायला कोणी नसतं.